आषाढातल्या माश्या आणि आमचे आवार

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी माहेरवाशिणी येतात, दुपारी ओसरीवर पंगत बसते, आमरसाची पातेली उघडी असतात आणि तरीही माश्यांचा त्रास फारसा जाणवत नाही. त्याच ओसरीवर आषाढात नुसता चहाचा कप ठेवला, तर पहिला घोट घेण्याआधी त्याच्या कडेवर तीन-चार माश्या बसलेल्या असतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हा फरक पाहत आले आहे. समोर आमरसाचे पातेले असताना माश्या कमी आणि चहाच्या कपावर मात्र झुंबड, असे का व्हावे, याचा विचार मी तीन वर्षांपूर्वीपर्यंत कधी नीट केला नव्हता.

आमचे आवार अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, वाहत्या रस्त्याला लागून आहे. पुढे माझ्या दिरांची खानावळ, मधे घर आणि मागे सासऱ्यांचा गोठा, ज्यात दोन गायी, एक म्हैस आणि एक बैलजोडी आहे. खानावळीत बारा महिने शेवभाजी-भाकरी मिळते, रविवारी वरण-बट्टी असते आणि थंडीत भरीत-पुरीसाठी लांबलांबून माणसे येतात. एकाच कुंपणाच्या आत अन्न शिजते, खरकटे साचते, जनावरे राहतात आणि लहान मुले खेळतात. खानदेशात अशी आवारे पुष्कळ आहेत, म्हणून आमचा अनुभव इतरांच्याही कामी येईल असे वाटते.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात माश्या इतक्या वाढल्या की, खानावळीत जेवायला बसलेले एक कुटुंब अर्ध्या ताटावरून उठून गेले. भाऊजींनी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, पण ते दिवसभर कोणाशी बोललेही नाहीत. त्याच पंधरवड्यात माझ्या धाकट्या पुतण्याला हगवण लागली आणि त्याला दोन दिवस सलाइनवर ठेवावे लागले. त्या आजाराचे खापर एकट्या माशीवर फोडता येणार नाही, कारण पाणी आणि हातांची स्वच्छता हीदेखील तितकीच मोठी कारणे असतात. परंतु घरात आजारी मूल झोपलेले आहे आणि त्याच्या ओठांवर बसू पाहणाऱ्या माश्या सासूबाई पदराने वारत बसल्या आहेत, हे दृश्य माझ्या मनातून गेलेले नाही. त्या मला म्हणाल्या, "इतल्या माश्या कथाईन येतस वं माय?" इतक्या माश्या येतात कुठून, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच पुढे आम्ही जे काही केले ते केले.

आधी मात्र आम्ही तो प्रश्न बाजूला ठेवून सोपा मार्ग धरला. औषध फवारणारा एक माणूस बोलावला. त्याने खानावळीत, घरात आणि गोठ्यात धूर केला, भिंतींवर फवारा मारला आणि पैसे घेऊन तो गेला. त्या संध्याकाळी जमिनीवर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता, तो झाडताना सर्वांना समाधान वाटले. चौथ्या दिवशी माश्या पुन्हा दिसू लागल्या आणि आठव्या दिवशी त्या पूर्वीइतक्याच झाल्या. भाऊजींनी त्याला पुन्हा बोलावले, तेव्हा त्याने औषधाची मात्रा वाढवली, आणि या वेळी माश्या तिसऱ्याच दिवशी परतल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ माशी या चार अवस्थांची आकृती मी फळ्यावर कितीतरी वेळा काढलेली आहे. दुसऱ्या फवारणीनंतर मी ते प्रकरण पुन्हा उघडले आणि या वेळी आमचे आवार डोळ्यांसमोर ठेवून वाचले. घरमाशीची मादी एका वेळी शंभर ते दीडशे अंडी घालते आणि आपल्या तीन-चार आठवड्यांच्या आयुष्यात असे पाच-सहा वेळा करते. उबदार, ओल्या हवेत अंडी चोवीस तासांच्या आत फुटतात. पांढरट अळ्या चार-पाच दिवस शेणात किंवा कुजलेल्या अन्नात वाढतात, मग ओल सोडून कोरड्या जागेकडे सरकतात, मातीत शिरतात आणि तिथे त्यांचा तांबूस-तपकिरी कोष होतो. आणखी चार-पाच दिवसांनी त्यातून माशी बाहेर पडते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा प्रवास पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरा होतो. थंडीत मात्र त्याला कित्येक आठवडे लागू शकतात.

फवारणीचा उलगडा इथेच होतो. औषधाने त्या दिवशी उडत असलेल्या आणि भिंतींवर बसलेल्या माश्या मेल्या, पण मातीतल्या कोषांपर्यंत ते पोहोचलेच नाही. दुसऱ्या दिवसापासून नव्या माश्या बाहेर पडतच होत्या. शिवाय तेच औषध पुन्हा पुन्हा मारले की, त्यातून वाचलेल्या माश्यांची पिढी त्याला दाद देईनाशी होते. डीडीटीच्या बाबतीत हे १९४० च्या दशकाच्या अखेरीसच युरोपात दिसून आले होते आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक औषधांची गत तीच झाली आहे. शेणावर सरसकट औषध मारण्यात आणखी एक तोटा आहे. शेणात माशीची अंडी खाणारे किडे असतात आणि माशीच्या कोषात स्वतःची अंडी घालणाऱ्या अगदी बारीक गांधीलमाश्याही असतात. औषधाने त्या आधी मरतात आणि माशीचे रान मोकळे होते.

आखाजीच्या कोड्याचे उत्तरही याच प्रकरणात होते. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, उघड्यावरचे शेण एका दिवसात वरून कोरडे ठक्क होते आणि त्यातल्या अळ्यांना चार-पाच दिवस टिकणारी ओल मिळत नाही. मृगाचा पाऊस झाला की तेच शेण भिजते, हवा उबदारच राहते आणि दहा दिवसांत पहिली पिढी बाहेर पडते. माशीच्या जन्माला मुख्यतः ओल लागते, गोड पदार्थ नव्हे, हे एकदा कळल्यावर आमचे सगळे लक्ष ताटावरून जमिनीकडे वळले.

एका रविवारी मी, भाऊजी आणि सासरे असे तिघे खुरपे आणि एक जुनी पळी घेऊन आवारभर फिरलो. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, आरंभी हे पटले नव्हते. "गुरे आहेत तिथे माशी असायचीच," असे ते म्हणाले. त्यांचा रोख उकिरड्यावर होता आणि मीही तेच धरून चालले होते. प्रत्यक्षात उकिरड्याचा मधला ढीग आम्ही उकरला, तेव्हा आत हात धरवत नव्हता इतकी धग होती आणि तिथे एकही अळी नव्हती. कुजणाऱ्या ढिगाच्या पोटात ५०-६० अंशांपर्यंत उष्णता चढते आणि त्यात अळ्या जगत नाहीत. अळ्या सापडल्या त्या ढिगाच्या कडांना, जिथे शेण पातळ पसरलेले, ओले आणि कोमट होते. त्याहून कितीतरी अधिक अळ्या गव्हाणीखाली सापडल्या. तिथे गुरांच्या तोंडून सांडलेली सरकीची ढेप, तुडवलेला कडबा आणि मूत यांचा चार बोटे जाड थर बसला होता. शेण रोज उचलले जात असे, हा थर मात्र कोणी उचलत नसे, कारण तो घाण म्हणून कोणाला दिसतच नव्हता. आबांनी पळीवर वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या आणि त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत; दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फावडे घेऊन तो थर खरवडला.

खानावळीतली जागा शोधायला अधिक वेळ लागला. खरकट्याचा निळा ड्रम रोज संध्याकाळी रिकामा होत असे, त्यामुळे त्याच्यावर आमचा संशय नव्हता. तो उलटा केल्यावर तळाशी चिकटलेला भाताचा आणि रश्श्याचा लगदा दिसला, आणि त्यात अळ्या होत्या. ड्रम रिकामा होत होता, धुतला जात नव्हता. दुसरी जागा भांडी घासण्याच्या मोरीजवळची होती. तिथली एक फरशी पोकळ झाली होती, तिच्याखाली खरकटे पाणी झिरपून काळा गाळ साचला होता. तिथून घरमाशी नव्हे, तर मोरीच्या भिंतीवर बसणारी, पतंगासारखे केसाळ पंख असलेली बारीक माशी निघत होती. तिसरी जागा खानावळीच्या बाहेर, उन्हाळ्यात चालणाऱ्या रसवंतीच्या मागे होती. रसवंती बंद होऊन महिना झाला होता, पण चिपाडांचा ढीग तसाच होता आणि पावसाने भिजून तो आंबला होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण लोक या बाबतीत चुकतात आणि आम्हीही चुकलो होतो. सगळ्या माश्या एकसारख्या नसतात, आणि माशी कोणती आहे हे ओळखले की तिचा उगम निम्मा सापडतो. करड्या रंगाची, पाठीवर चार काळसर पट्टे असलेली घरमाशी दिसली, तर शेण, खरकटे किंवा कुजका चारा पाहावा. फळांभोवती घिरट्या घालणारी चिलटे दिसली, तर पिकून फुटलेले केळे, कांद्याच्या पोत्याच्या तळाशी सडलेला कांदा, ओला पोछा किंवा बाटलीत उरलेले सरबत शोधावे. रावेर-यावलकडे केळीच्या वखारी असलेल्या लोकांना चिलटांचा त्रास नेहमीचा असतो, आणि तिथेही फुटलेली फळे आणि नालीतला गाळ काढल्याशिवाय ती हटत नाहीत. घरात एकाएकी मोठ्या, चकाकत्या हिरव्या-निळ्या माश्या खिडकीच्या काचेवर आपटू लागल्या, तर माळ्यावर किंवा कपाटामागे उंदीर वा पाल मेली आहे असे समजून शोध घ्यावा. आमच्याकडे एकदा धान्याच्या कोठीमागे उंदीर सापडला आणि तो काढल्यावर दोन-तीन दिवसांत त्या माश्या गेल्या. कोणतेही औषध लागले नाही.

यानंतर आम्ही बसवलेली रीत अगदी साधी आहे. अंडे ते माशी हा प्रवास आठ-दहा दिवसांचा असेल, तर कोणतीही ओली घाण एका जागी सलग चार दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, म्हणजे अळीला कोषापर्यंत पोहोचताच येत नाही. त्यासाठी सोमवार आणि गुरुवार हे दोन वार ठरले. या दोन दिवशी गव्हाणीखालची जमीन खरवडली जाते, ड्रम गरम पाण्याने आणि ब्रशने धुऊन उन्हात उपडा ठेवला जातो, आणि मोरीची जाळी काढून नळीतला गाळ घासला जातो. गोठ्याच्या कच्च्या जमिनीला उतार देऊन मुताची नाली एका खड्ड्यात सोडली. पोकळ फरशी उखडून खालचा गाळ काढला आणि सिमेंटने सांधे भरले. उकिरड्याच्या कडा दर आठवड्याला आत, ढिगाच्या धगीत लोटल्या जातात आणि वर जाड काळा प्लास्टिकचा कागद टाकून त्याच्या कडा मातीने दाबल्या जातात. जे शेण उकिरड्यावर जायचे नाही, त्याच्या गोवऱ्या थापल्या जातात; थर पातळ असल्याने पावसाची उघडीप मिळाली की त्या लवकर सुकतात. सासूबाईंनी मला विचारले होते की, मग शेणाने सारवलेल्या अंगणात माश्या का होत नाहीत. कारण हेच आहे: सारवणाचा थर इतका पातळ असतो की तो काही तासांत वाळतो आणि अळीला त्यात घर मिळत नाही.

उगम बंद झाल्यावरही काही माश्या बाहेरून येतातच, कारण माशी एक-दोन किलोमीटर सहज फिरते. त्यांच्यासाठी खानावळीत जे उपाय केले, त्यांपैकी एक आधी चुकीचा ठरला. भाऊजींनी निळ्या प्रकाशाचे, तारांवर माशी चटकन जळणारे यंत्र आणून ते थेट पुऱ्या लाटण्याच्या टेबलावर टांगले होते. तारेवर माशी जळते तेव्हा तिचे शरीर फुटते आणि त्याचे बारीक कण खाली उडतात. ते पिठावर पडत होते. ते यंत्र आम्ही काढले आणि त्याऐवजी चिकट फलकाचे यंत्र आणले. ते अन्नापासून दूर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणि बाहेरच्या रस्त्यावरून दिसणार नाही अशा भिंतीवर बसवले. रस्त्यावरून दिसले, तर त्याचा प्रकाश बाहेरच्याच माश्यांना आत बोलावतो. त्याच्या नळ्या वर्षातून एकदा बदलाव्या लागतात. त्या दिसायला जळत असतात, पण माशीला खेचणारा अतिनील प्रकाश त्यांच्यातून कमी झालेला असतो.

खिडक्यांना बारीक जाळी बसवली आणि स्वयंपाकघराच्या दाराला आपोआप मिटणारा जाळीचा दरवाजा लावला. अन्न व्यवसायाच्या परवान्याचे २०११ चे जे नियम आहेत, त्यांच्या चौथ्या परिशिष्टात माश्या-कीटकांना अटकाव करण्याची अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. तपासणीच्या भीतीने नव्हे, तर आपल्या ताटातले अन्न कोणीतरी विश्वासाने खातो म्हणून ती पाळावी असे मला वाटते. जेवणाच्या टेबलांवरचे पंखे आम्ही पावसाळ्यातही चालू ठेवतो, कारण जोराच्या वाऱ्यात माशी बसत नाही. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सर्वांत कमी वापरला जातो.

रात्री माश्या कुठे बसतात, हे त्यांच्या विष्ठेच्या काळ्या ठिपक्यांवरून कळते. आमच्याकडे ते ठिपके दिव्याच्या वायरवर आणि गोठ्याच्या आढ्याच्या बांबूंवर होते. चिकट पट्ट्या आम्ही तिथेच टांगल्या आणि त्या दाराशी टांगलेल्या पट्ट्यांपेक्षा लवकर भरल्या. चिलटांसाठी वाटीत व्हिनेगर आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. गुळाच्या पाण्याच्या बाटल्यांचे सापळे करायचे असतील, तर ते घरापासून बरेच दूर ठेवावेत. दाराशी ठेवले तर माश्यांना आवतण दिल्यासारखे होते. माशी मारण्याचे पिवळे दाणे बाजारात मिळतात, ते आम्ही फक्त एकदा, उकिरड्याच्या कडेला, झाकलेल्या डब्यात ठेवून वापरले. कोंबड्या, कुत्री आणि लहान मुले असलेल्या आवारात ते उघडे टाकणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. दारावर टांगलेली पाण्याची पिशवी आणि लिंबात खोचलेल्या लवंगा हे दोन्ही उपाय आम्ही महिनाभर करून पाहिले, त्यांचा काही परिणाम दिसला नाही.

हे सगळे इतक्या बारकाईने का करावे, असे शेजारच्या एका काकूंनी मला विचारले होते. माशीला घट्ट अन्न खाता येत नाही. ती अन्नावर आपल्या पोटातला द्रव ओकते, अन्न विरघळवते आणि मग ते शोषून घेते, आणि त्याआधी ती कुठे बसली होती हे आपल्याला माहीत नसते. तिच्या पायांवरून आणि पोटातून पटकी, विषमज्वर आणि हगवणीचे जंतू वाहून येऊ शकतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातल्या एका अभ्यासात, ज्या गावांमध्ये माश्यांवर नियंत्रण ठेवले गेले, तिथे लहान मुलांमधील हगवणीचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा मी काकूंना सांगितला, तेव्हा त्यांनी आपल्या नातीकडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या संडासाच्या टाकीच्या उघड्या पाइपावर जाळी बांधलेली मला दिसली.

पहिल्या वर्षीच्या श्रावणापासून मी रोज सकाळी अकरा वाजता खानावळीच्या एकाच टेबलावर अर्धा मिनिट बसलेल्या माश्या मोजून वहीत लिहिते. आरंभी आकडा वीस-पंचवीसच्या घरात असे. पोळ्यापर्यंत तो पाच-सहावर आला आणि पुढच्या वर्षी पावसाळाभर तो दहाच्या वर गेला नाही, एक अपवाद सोडून. त्या आठवड्यात तो एकाएकी तीसवर गेला. आवारात आम्ही सगळीकडे शोधले, कुठेही अळी सापडली नाही. मग कळले की रस्त्यापलीकडच्या शेतात पेरणीसाठी कोंबडीखताच्या दोन ट्रॉली उतरवल्या होत्या आणि त्यावर दोन-तीन पाऊस पडून गेले होते. नवापूरकडून आणि इतर ठिकाणांहून हे खत आपल्या भागात येते, पिकाला ते फार चांगले असते, पण भिजले की माशीला तेच सर्वांत चांगले असते.

ते शेत आबांच्या जुन्या मित्राचे, नानांचे आहे. आबा त्यांच्याकडे गेले, माझी वही बरोबर नेली आणि तिच्यातले आकडे त्यांना वाचून दाखवले. नाना म्हणाले, "आधी सांगायचं नाही का तुम्ही?" यंदा आखाजीनंतर नानांच्या बांधावर ट्रॉली उतरली, तेव्हा संध्याकाळी आबा आणि भाऊजी आमची ताडपत्री घेऊन गेले आणि तिघांनी मिळून ढिगाच्या कडा मातीने दाबल्या. काल सकाळी अकरा वाजता टेबलावर चार माश्या होत्या.